ओटिस ब्लॅकवेल यांची गीतरचना : देहलक्षणे, आवाज आणि कर्तृत्वाचा प्रश्न

गोषवारा

अमेरिकन रिदम अँड ब्लूज संगीताच्या आरंभीच्या कालखंडातील गीतरचनाकार ओटिस ब्लॅकवेल (१९३१-२००२) यांची गीते जगभर पोहोचली. त्यांचे नाव मात्र गायकांच्या प्रसिद्धीआड राहिले. त्यांच्याविषयीचे बहुतेक लेखन या विसंगतीभोवती फिरते व त्यांच्या रचनांचे वाङ्मयीन परीक्षण मागे पडते. प्रस्तुत लेखात ब्लॅकवेल यांच्या निवडक गीतांतील आशयसूत्र, रचनेत गृहीत धरलेला आवाज आणि श्रेयाची व्यवस्था या तीन अंगांनी विचार केला आहे.

बीजसंज्ञा : रिदम अँड ब्लूज, गीतरचना, सात्त्विक भाव, नमुना-ध्वनिमुद्रण, कर्तृत्व, स्वामित्वहक्क.

१. प्रास्ताविक

लोकप्रिय गीत हा वाङ्मयप्रकार आपल्याकडील समीक्षेत बराच काळ उपेक्षित राहिला आहे. कविता छापील पानावर वाचता येते, म्हणून ती अभ्यासविषय ठरते. गीत ऐकले जाते, म्हणून ते करमणुकीच्या खात्यात जमा होते. अमेरिकन लोकप्रिय संगीताच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तेथे 'साँगरायटर' या शब्दाने बहुधा शब्द आणि चाल या दोहोंचा कर्ता सूचित होतो. मराठी भावसंगीतात गीतकार, संगीतकार व गायक या तीन भूमिका बहुधा वेगळ्या असतात आणि तिन्ही नावे श्रोत्यांना माहीत असतात. त्यामुळे 'गीतकार' हा आपला शब्द येथे अपुरा पडतो. प्रस्तुत लेखात म्हणूनच 'गीतरचनाकार' ही संज्ञा वापरली आहे.

ओटिस ब्लॅकवेल यांच्याविषयी जे सांगितले जाते त्याचा सारांश असा : एका कृष्णवर्णीय गीतरचनाकाराने आपली गीते अल्प मोबदल्यात दिली आणि गोरे गायक त्यांवर मोठे झाले. या कथनात तथ्य आहे. तथापि ते तेवढ्यावरच थांबले, तर ब्लॅकवेल हे केवळ अन्यायाचे उदाहरण म्हणून उरतात. रचनाकार म्हणून त्यांनी काय केले हा प्रश्न विचारलाच जात नाही. ज्याच्या श्रेयाबद्दल आपण हळहळतो त्याचे कार्य न तपासणे, ही उपेक्षेचीच दुसरी तऱ्हा होय.

२. पार्श्वभूमी व जीवनपट

'रिदम अँड ब्लूज' ही संज्ञा 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकाने जून १९४९ मध्ये स्वीकारली. त्यापूर्वी कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठीच्या तबकड्यांच्या यादीला 'रेस रेकॉर्ड्स' असे नाव होते. पत्रकार व पुढे निर्माते म्हणून ख्याती पावलेले जेरी वेक्सलर यांच्याकडे या नव्या नावाचे श्रेय जाते. म्हणजेच ही संज्ञा मुळात संगीताच्या लक्षणांवरून आलेली नसून बाजारपेठेच्या विभागणीतून आलेली आहे. कोणते गीत कोणत्या यादीत जाईल हे पुष्कळदा सुरांपेक्षा गायकाच्या वर्णावरून ठरत असे. ब्लॅकवेल यांचे कार्य समजून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

ब्लॅकवेल यांचा जन्म १६ फेब्रुवारी १९३१ रोजी न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन येथे झाला. बालपणी त्यांचा आवडता गायक टेक्स रिटर हा होता. रिटर हा चित्रपटांतून गाणारा, काउबॉय परंपरेतील गोरा गायक. ब्रुकलिनमधील एका कृष्णवर्णीय मुलाने काउबॉय गीतांवर लुब्ध व्हावे, ही घटना यादीतील विभागणी किती कृत्रिम होती हे दाखविते. उमेदवारीच्या काळात त्यांनी शिंप्याच्या दुकानात कपड्यांना इस्त्री करण्याचे काम केले. हार्लेममधील अपोलो थिएटरच्या नवोदितांच्या स्पर्धेत यश मिळाल्यावर त्यांना ध्वनिमुद्रणाची संधी मिळाली. १९५३ मध्ये जो डेव्हिस यांच्या जे-डी या कंपनीसाठी त्यांनी 'डॅडी रोलिंग स्टोन' हे स्वतःचे गीत गायिले. गायक म्हणून त्यांना मोठे यश लाभले नाही; परंतु हे गीत टिकले. १९६५ मध्ये 'द हू' या इंग्लिश वाद्यवृंदानेही ते ध्वनिमुद्रित केले.

१९५५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ब्लॅकवेल यांनी शालिमार म्युझिक या प्रकाशनसंस्थेला सहा गीते प्रत्येकी २५ डॉलर घेऊन दिली, असे त्यांनी पुढे सांगितले. त्यांपैकी एक 'डोन्ट बी क्रूएल' होते. एल्व्हिस प्रेस्ली यांनी २ जुलै १९५६ रोजी न्यूयॉर्क येथे ते ध्वनिमुद्रित केले. त्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूस जेरी लायबर व माइक स्टोलर यांचे 'हाउंड डॉग' होते. ही तबकडी अमेरिकेत ११ आठवडे अग्रस्थानी राहिली आणि पॉप, कंट्री व रिदम अँड ब्लूज या तिन्ही याद्यांत पहिली आली. बाजाराने आखलेल्या भिंती एका तबकडीने ओलांडल्या, आणि तिच्या एका बाजूचा रचनाकार काउबॉय गीते ऐकत वाढलेला ब्रुकलिनचा तरुण होता, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

यानंतर 'ऑल शुक अप' (१९५७), 'ग्रेट बॉल्स ऑफ फायर' (१९५७), 'ब्रेथलेस' (१९५८), 'हे लिट्ल गर्ल' (१९५९), 'रिटर्न टू सेंडर' (१९६२) अशी गीते एकामागून एक आली. १९९१ मध्ये पक्षाघाताने ब्लॅकवेल यांचे काम थांबविले. ६ मे २००२ रोजी नॅशव्हिल येथे त्यांचे निधन झाले.

३. देहलक्षणांचे आशयसूत्र

ब्लॅकवेल यांची प्रमुख गीते शेजारी शेजारी ठेवली असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. शीर्षकेच पाहावीत : एक तापावर आहे, एक थरथरण्यावर, एक श्वास अडकण्यावर, एक आगीच्या लोळांवर. ही सर्व प्रेमगीते आहेत. परंतु प्रेम ही भावना आहे असे ती सांगत नाहीत, प्रेम शरीरात काय घडविते हे सांगतात. 'ऑल शुक अप' मध्ये निवेदक वैद्यासमोर बसलेल्या रुग्णाप्रमाणे आपली लक्षणे मोजून दाखवितो : हात कापतात, गुडघे लटपटतात, जीभ वळत नाही. 'फीव्हर' मध्ये स्पर्शाने अंगात ताप चढतो. 'ग्रेट बॉल्स ऑफ फायर' मध्ये मज्जातंतूच ताब्यात राहत नाहीत.

भारतीय वाचकाला येथे भरताच्या नाट्यशास्त्रातील आठ सात्त्विक भावांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. ब्लॅकवेल यांना ही परंपरा ठाऊक होती असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. तुलनेचा उपयोग केवळ विश्लेषणाचे साधन म्हणून आहे. आपल्या काव्यशास्त्राची धारणा अशी की, भावनेचे नुसते नाव घेतल्याने रसनिष्पत्ती होत नाही. विभाव-अनुभावांच्या द्वारे ती व्हावी लागते. ब्लॅकवेल यांच्या गीतांचे बळ याच ठिकाणी आहे. ज्या काळातील पुष्कळशी पॉप गीते प्रेमाचे नाव वारंवार घेऊन थांबत, त्या काळात ते कंप आणि स्वरभेद यांच्याकडे वळले.

याचा दुसरा पैलू अधिक महत्त्वाचा आहे. सात्त्विक भाव मनाच्या एकाग्रतेतून उद्भवतात, म्हणून अन्यमनस्क नटाला ते दाखविता येत नाहीत, असे भरत सांगतो. 'ब्रेथलेस' हे गीत दमसास सांभाळून, सरळ सुरात म्हटले तर ते निरर्थक होईल. 'ऑल शुक अप' स्थिर आवाजात म्हटले तर शब्द आणि स्वर एकमेकांना खोटे पाडतील. थोडक्यात, ही गीते विशिष्ट प्रकारच्या आवाजाची मागणी करतात. धाप, अडखळ, मध्येच तुटणारा सूर हे गायकाने वरून घातलेले अलंकार नसून रचनेने मोकळ्या ठेवलेल्या जागा आहेत.

'ऑल शुक अप' च्या जन्माविषयी एक हकीकत प्रचलित आहे. प्रकाशनसंस्थेतील एका भागीदाराने शीतपेयाची बाटली हलवून दाखविली आणि यावर गीत लिही, असे सुचविले. 'ग्रेट बॉल्स ऑफ फायर' चे शीर्षकही जॅक हॅमर यांनी सुचविलेले असून त्यावर गीत ब्लॅकवेल यांनी रचले. संस्कृत परंपरेतील समस्यापूर्तीशी याचे साम्य आहे. दिलेल्या चरणावरून श्लोक पुरा करणे यात कवीचे कौशल्य मानले जाई, त्याची परावलंबिता नव्हे. मागणीवरून लिहिलेले गीत दुय्यमच असते हा रूढ समज ब्लॅकवेल यांच्या बाबतीत टिकत नाही. कारण सुचविलेला विषय कोणताही असो, ते त्याला आपल्या देहलक्षणांच्या भाषेत आणतात. बाटलीतील खळबळ त्यांच्या हाती येताच माणसाच्या हातापायांतील कंप होते.

या गटाबाहेरचा, संदेशगीतांचा एक गटही नोंदवायला हवा. 'डोन्ट बी क्रूएल' मध्ये दूरध्वनी आहे; 'रिटर्न टू सेंडर' या विनफिल्ड स्कॉट यांच्यासह रचलेल्या गीतात टपाल आहे. दोन्हींत प्रिय व्यक्ती अनुपस्थित आहे आणि निवेदक तिच्यापर्यंत पोहोचू पाहतो. 'रिटर्न टू सेंडर' मध्ये पत्र पुन्हा पुन्हा परत येते. टपालखात्याचे रूक्ष शेरे हेच प्रेयसीचे उत्तर ठरते. झिप कोड अमेरिकेत १९६३ मध्ये सुरू झाला. त्याआधीच्या टपाल-विभागांच्या भाषेत हे गीत बोलते. कचेरीची भाषा प्रेमगीतात आणून त्यातून विनोद आणि व्यथा एकाच वेळी साधणे, हे साधे काम नव्हे. 'डोन्ट बी क्रूएल' पारंपरिक बारा बारच्या ब्लूज आकृतिबंधातही बसत नाही. त्यातील निवेदन थेट, संभाषणाच्या वळणाचे आहे व शेवटी ते विवाहाच्या प्रस्तावापर्यंत जाते. येथे काउबॉय आणि कंट्री गीतांच्या सरळ कथनाचा संस्कार दिसतो, असे म्हणता येईल.

४. नमुना-ध्वनिमुद्रण आणि अनुकरणाचा वाद

त्या काळी गीतरचनाकार आपले गीत स्वतः गाऊन त्याची नमुना-तबकडी, म्हणजे 'डेमो', तयार करीत व ती गायकाकडे जाई. ब्लॅकवेल यांचे नमुने प्रेस्ली यांनी बारकाईने ऐकले आणि त्यांतील उच्चारणाची लकब जशीच्या तशी उचलली, असे मत अनेकदा मांडले जाते. या मताची छाननी होणे आवश्यक आहे.

या मताच्या समर्थनार्थ ब्लॅकवेल यांनी सत्तरच्या दशकात स्वतःच्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित केलेल्या आपल्या गीतांचा दाखला दिला जातो. हा पुरावा पद्धतिशास्त्राच्या दृष्टीने दुर्बळ आहे. दोन दशके जी गीते प्रेस्ली यांच्या आवाजात जगाने ऐकली, ती पुन्हा गाताना रचनाकारावरच गायकाचा प्रभाव पडणे शक्य आहे. तुलना करायची तर ती १९५६ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांशीच केली पाहिजे. दुसऱ्या बाजूने, प्रेस्ली यांचा उचकीसारखा तुटक स्वर १९५५ मधील 'बेबी लेट्स प्ले हाउस' या आर्थर गंटर यांच्या गीताच्या ध्वनिमुद्रणातही स्पष्ट ऐकू येतो. ते ध्वनिमुद्रण ब्लॅकवेल यांच्या गीताशी त्यांचा संबंध येण्यापूर्वीचे आहे. म्हणून 'प्रेस्ली यांची शैली ब्लॅकवेल यांनी घडविली' हे विधान अतिव्याप्त ठरते.

मात्र याच्या उलट टोकाचे विधानही, म्हणजे गायकानेच गीताला प्राण दिला आणि रचनाकार केवळ कच्चा माल पुरविणारा होता, तितकेच चुकीचे आहे. मागील विभागात पाहिल्याप्रमाणे आवाजाचा कंप या गीतांच्या रचनेतच अनुस्यूत आहे. याला पुरावा खुद्द इतर गायकांचा आहे. लिट्ल विली जॉन, जेरी ली लुईस, डी क्लार्क हे एकमेकांपासून आणि प्रेस्ली यांच्यापासूनही सर्वस्वी भिन्न गायक. तरीही ब्लॅकवेल यांच्या रचना गाताना त्या त्या गायकाच्या आवाजाची देहस्वरूप बाजू पुढे येते. व्यक्ती बदलूनही जे कायम राहते ते रचनेचे असते, असे मानणे अधिक युक्त होय.

लुईस यांच्या ध्वनिमुद्रणप्रसंगी मेम्फिसच्या सन कंपनीत एक वाद झाला आणि तो फितीवर मुद्रित राहिला. अशा संगीतातून माणसाचे तारण होते की अधःपात, यावर लुईस आणि निर्माते सॅम फिलिप्स यांच्यात कडाक्याची चर्चा झाली. धार्मिक अग्नीच्या प्रतिमेची आठवण देणारा एक उद्गार ब्लॅकवेल यांनी शारीर प्रेमासाठी वापरला होता. गायकाला पडलेला नैतिक पेच हा त्या रचनेच्या अर्थवत्तेचाच पुरावा आहे. कच्च्या मालावर कोणी असा वाद घालीत नाही.

५. नाव आणि हक्क

संतांच्या अभंगात नाममुद्रा रचनेच्या आत असते. ती काढली तर चरण मोडतो. ध्वनिमुद्रित गीताची मुद्रा तबकडीवरील कागदी चकतीवर असते आणि ती वाटाघाटीचा विषय होऊ शकते. 'डोन्ट बी क्रूएल' आणि 'ऑल शुक अप' या दोन्हींच्या चकतीवर ब्लॅकवेल यांच्यासह प्रेस्ली यांचे नाव सहलेखक म्हणून आहे. असा सौदा करावा लागेल असे आपल्याला सांगण्यात आले, असे ब्लॅकवेल यांनी पुढे सांगितले. या नावाचा अर्थ केवळ मानाचा नव्हता. १९०९ च्या अमेरिकन कायद्याने प्रत्येक विकल्या गेलेल्या प्रतीमागे २ सेंट हा दर ठरविला होता. प्रचलित रीतीनुसार त्यातील निम्मा भाग प्रकाशकाचा व निम्मा लेखकाचा. सहलेखकाचे नाव आले की लेखकाच्या वाट्याचे पुन्हा भाग पडत. लाखोंच्या खपात या अपूर्णांकांना फार मोठा अर्थ होता.

'फीव्हर' चा इतिहास या प्रश्नाची गुंतागुंत दाखवितो. एडी कूली यांच्यासह रचलेले हे गीत १९५६ मध्ये लिट्ल विली जॉन यांनी गायिले. जो डेव्हिस यांच्याशी करार असल्यामुळे ब्लॅकवेल यांनी येथे जॉन डेव्हनपोर्ट हे आपल्या सावत्र वडिलांचे नाव वापरले. म्हणजे त्यांच्या सर्वाधिक गायिल्या गेलेल्या गीतांपैकी एकावर त्यांचे नावच नाही. पुढे १९५८ मध्ये पेगी ली यांनी हे गीत अत्यल्प वाद्यांसह, चुटक्यांच्या ठेक्यावर गायिले आणि त्यात ऐतिहासिक व साहित्यिक प्रेमी युगुलांची नवी कडवी घातली. आज बहुतेक श्रोत्यांना परिचित आहे तो हाच पाठ. परंतु त्या कडव्यांसाठी ली यांना लेखिकेचे श्रेय मिळाले नाही. एका ठिकाणी न लिहिणाऱ्याचे नाव लागते, दुसऱ्या ठिकाणी लिहिणारीचे लागत नाही. त्यामुळे ही केवळ व्यक्तीव्यक्तींमधील अन्यायाची बाब राहत नाही. कोणाचे नाव लागेल हे निर्मितीवरून न ठरता व्यवहारातील बळावरून ठरे, असाच निष्कर्ष निघतो. आणि त्या काळच्या अमेरिकेत हे बळ वर्णभेदापासून अलग नव्हते.

कायद्याची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. शब्द आणि चाल यांना संरक्षण होते. ध्वनिमुद्रणाला अमेरिकेत संघराज्य पातळीवरील संरक्षण फेब्रुवारी १९७२ पासून मिळू लागले, आणि तेही प्रत्यक्ष मुद्रणाची नक्कल करण्याविरुद्ध. गाण्याच्या धाटणीचे अनुकरण त्याच्या कक्षेबाहेरच राहिले. याचा अर्थ असा की, नमुना-तबकडीवर ब्लॅकवेल यांनी आवाजातून जे 'लिहिले', त्याला कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वच नव्हते. साहित्यशास्त्रानेही छापील शब्दालाच संहिता मानल्यामुळे कायद्याची ही चूक आपल्या बाजूने पक्की केली.

६. मर्यादा

ब्लॅकवेल यांच्या रचनेच्या मर्यादा सांगितल्याखेरीज मूल्यमापन पुरे होणार नाही. त्यांच्या गीतांतील निवेदक स्वतःच्या शरीराविषयी विपुल बोलतो, पण समोरच्या स्त्रीविषयी फारसे सांगत नाही. ती लक्षणांचे कारण आहे, व्यक्ती नाही. पेगी ली यांच्या पाठात निवेदक स्त्री झाल्यावर 'फीव्हर' ला जे नवे परिमाण आले, त्यावरून मूळ भूमिकेचा एकेरीपणा उघड होतो. शिवाय देहलक्षणांचे सूत्र एकदा यशस्वी झाल्यावर त्याची पुनरावृत्तीही झाली. साठच्या दशकात स्वतःची गीते स्वतः रचणाऱ्या वाद्यवृंदांचा काळ आला आणि इतरांसाठी लिहिणाऱ्या रचनाकाराचे स्थान आक्रसले. तरीही १९७७ मध्ये जेम्स टेलर यांनी 'हँडी मॅन' संथ लयीत गाऊन पुन्हा लोकप्रिय केले; मूळच्या उडत्या चालीच्या या रचनेत तेवढी लवचीकता होती.

७. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१) ब्लॅकवेल यांच्या गीतांत प्रेमाचे देहलक्षणांच्या द्वारे होणारे दर्शन हे सातत्याने आढळणारे आशयसूत्र आहे. चकतीवरचे नाव बदलले तरी हे सूत्र बदलत नाही. तीच त्यांची खरी नाममुद्रा होय.

२) गायकाचा आवाज ही या रचनांची अंतर्गत मागणी आहे. त्यामुळे 'गायकाने चोरले' आणि 'गायकाने घडविले' ही दोन्ही विधाने अपुरी ठरतात.

३) श्रेयाचा प्रश्न व्यक्तिगत दानतीचा नसून बाजार, वर्णभेद आणि कायदा यांनी मिळून घडविलेल्या व्यवस्थेचा आहे.

४) लोकप्रिय गीताच्या अभ्यासात संहिता या संकल्पनेचा विस्तार करून तीत उच्चारित आवाजाचा समावेश करणे आवश्यक आहे.

ब्लॅकवेल आणि प्रेस्ली यांची प्रत्यक्ष भेट कधीही झाली नाही. ब्लॅकवेल यांना १९९१ मध्ये साँगरायटर्स हॉल ऑफ फेममध्ये, आणि मृत्यूनंतर आठ वर्षांनी, २०१० मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान देण्यात आले. संस्थांनी नोंद घेतली हे योग्यच झाले. परंतु सन्मानाने नाव परत मिळते, रचना वाचली जातेच असे नाही. ते काम समीक्षेचे आहे, आणि ज्या गीताचा कर्ता आपल्याला ठाऊक नाही अशा प्रत्येक लोकप्रिय गीतापुढे ते नव्याने उभे राहते.